फुंकर आणि बोंब

सातव्या महिन्यात डिचोलीच्या दवाखान्यातल्या नर्सने मला श्वास घ्यायला शिकवलं. तोवर मी तो न शिकताच घेत होते.

"कळ आली की गरम पेजेवर घालतो तशी फुंकर घालायची," ती म्हणाली. "अंग ताठ करायचं नाही. होशील मोकळी नीट."

घरी, नार्व्याला, मी दुपारी भिंतीला टेकून सराव करायची. सासूबाई समोर तांदूळ निवडत बसायच्या. काही दिवस त्यांनी नुसतं पाहिलं, मग सूप बाजूला ठेवून त्याही फुंकू लागल्या. त्यांची सगळी बाळंतपणं घरातच झाली होती, पण शिकवणी कधी मिळाली नव्हती. थोड्याच दिवसांत त्या माझ्यापेक्षा बऱ्या फुंकू लागल्या.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षीची ही गोष्ट. नवरा मुरगावला बंदरात कामाला, सुट्टीपुरता घरी यायचा. त्यामुळे एका सकाळी वांगी चिरताना कळा सुरू झाल्या तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो. शेजाऱ्यांनी रस्त्यावर जाऊन खनिजाचा एक ट्रक थांबवला. ड्रायव्हर सावंतवाडीकडचा. आम्हाला केबिनमध्ये चढवून तो हात जोडून म्हणाला, "वयनी, डिचोलीपर्यंत जरा कळ काढा. गाडी मालकाची आसा."

खड्ड्यामुळे कळ येत होती की कळेच्या वेळीच खड्डा येत होता, समजेना. मी फुंकत होते. सासूबाईही फुंकत होत्या, माझ्याहून मोठ्याने. ड्रायव्हर घाबरून त्यांच्याकडेच बघत होता.

दवाखान्यात नर्स दुसरीच होती. तिने श्वासाची चौकशी केली नाही. "वेळ आहे अजून, चाल," म्हणाली. मी व्हरांड्यात फेऱ्या मारू लागले. कळ आली की सासूबाईंच्या गळ्यात हात टाकून लोंबकळायची, आणि त्या माझी कंबर चोळायच्या. दुपार कलली तशी फुंकर पार विसरले. दात आवळून गप्प उभी राहायची, कारण व्हरांड्यात पुरुषमाणसं बसली होती.

"बोंब मार गो," सासूबाई म्हणाल्या.

"लोक आहेत, आई."

त्या कंबर चोळत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या वेळार तुझो मांव भायर बसलेलो आसायचो. बायल ओरडली तर घराची अब्रू जाता, म्हणायचो. एकदाय तोंड उघडूंक ना मी. पदर कोंबून घेतलो तोंडात."

सासरे आमच्या लग्नाआधीच वारले होते. त्यांच्याबद्दल त्या एवढं कधी बोलल्या नव्हत्या.

"आता भायर तो ना," त्या म्हणाल्या. "मार."

मी ओरडले. पहिल्यांदा संकोचून, पुढच्या कळेला मनापासून. आणि माझ्या मागोमाग, कमरेवरचा हात न काढता, सासूबाईही ओरडल्या. पोटातून, लांबच लांब. व्हरांड्यातली माणसं उठून बाहेर गेली. नर्स धावत आली, पण दोघींतली बाळंतीण कोण हे तिला माझ्या पोटाकडे बघून ठरवावं लागलं. तिने दोघींनाही आत घेतलं.

दिवेलागणीला मुलगी झाली. कुठेही न कापता, न टाचता.

निरोप मिळून नवरा दुसऱ्या दिवशी आला, येताना पाव घेऊन. मुलीला बघून झाल्यावर त्याने आईला विचारलं, "सगळं नीट झालं ना?"

सासूबाईंचा घसा पार बसला होता. त्यांनी मान हलवली, आणि पावाचा तुकडा चहात बुडवून सावकाश खाल्ला.