सुधारून ठेवलेली आई

घरातले दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं ठरलं ते माझ्या वैतागामुळे. यांचा डेस्कटॉप बाहेरच्या खोलीत, प्रिंटरही त्यालाच. लेकीनं नवा घेतला तेव्हा तिचा जुना लॅपटॉप माझ्याकडे आला, तो आतल्या खोलीत. मला काही छापायचं झालं की पेन ड्राइव्ह घेऊन मी बाहेर, यांना फोटो हवे झाले की तोच पेन ड्राइव्ह घेऊन हे आत. आणि हा माणूस सगळं शर्टाच्या खिशात ठेवून विसरणारा. शेवटी पेन ड्राइव्ह एकदा वॉशिंग मशीनमधून पिळून निघाला. मी म्हटलं, आता बास.

हे मूळचे देशावरचे. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली, निवृत्त झाले तरी घरी बसून तपासतात. भाजीवाल्याच्या पाटीवर ऱ्हस्वाचं दीर्घ झालं तरी यांच्या पोटात दुखतं. मी इथलीच, खाडीकाठच्या भातशेतीच्या आणि मिठागरांच्या गावातली. आमच्याकडे ण नाहीच. पानी, लोनी, जेवन, कोन. लग्न होऊन वसईत फ्लॅटमध्ये आले तेव्हा यांनी माझं बोलणंही तपासायला घेतलं. प्रेमानंच, पण घेतलं. मीही कमी नाही. असा काही ठसठशीत ण काढायला शिकले की माहेरी गेले की भावजय तोंडाला पदर लावून हसायची.

तर कॉम्प्युटर. लेक परगावी, त्यामुळे सगळी शिकवणी फोनवर. दोन्हीकडे वर्कग्रुपचं नाव एकच ठेवा, हे चालू करा, ते बंद करा, फोल्डरवर जाऊन शेअर म्हणा. केलं बाई सगळं. तरी दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना दिसेनात. हे बाहेरून विचारायचे, दिसला का? मी आतून ओरडायची, नाही. असं इतका वेळ चाललं की शेजारच्या वहिनी दार वाजवून विचारायला आल्या, काही हरवलंय का?

त्या आल्या म्हणून तर उलगडा झाला. लॅपटॉपच्या कोपऱ्यात वायफायचं नाव होतं, ते त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, अहो, हे तर आमचं. पूर्वी कधीतरी आमचं नेट बंद असताना लेकीनं लॅपटॉप त्यांच्या वायफायला जोडून दिला होता, तो तिथंच रमला. म्हणजे माझा लॅपटॉप राहायला आमच्याकडे आणि नांदायला शेजारी! वहिनी खुर्चीत बसून हसल्या, मी चहा टाकला. लॅपटॉप आमच्या वायफायवर आणला आणि यांच्या पडद्यावर माझा फोल्डर टपकन आला.

पुढचे काही दिवस फार मजेत गेले. मी आतून छापायला दिलं की बाहेर यांच्या कानाशी प्रिंटर आपोआप घरघरायचा आणि हे दचकायचे. मी मुद्दाम दोनदा जास्त छापायची. फोल्डर शेअर करताना लॅपटॉपनं विचारलं होतं, समोरच्याला नुसतं वाचू द्यायचं की बदलूही द्यायचं? मी सगळं देऊन टाकलं. घरात माणसं दोन, कुलूप कुणाला लावायचं?

त्याच फोल्डरमध्ये 'आई' नावाची एक फाइल होती.

आई गेली तेव्हा लक्षात आलं की तिचे फोटो भरपूर आहेत, पण आवाज कुणीच भरून ठेवलेला नाही. मला धडकी भरली. तिचं दिवसकार्य आटोपून घरी आले आणि कानात ताजं होतं तोवर टाइप करायला बसले. ती मिठागरावरून आल्यावर काय म्हणायची, भात लावताना कुणाला काय सुनावायची, आम्हाला कसं रागवायची. 'उनातून आयलीस. पयलं पानी पी, मंग बोल.' जसंच्या तसं. तिचा आवाज म्हणून माझ्याकडे एवढंच होतं. यांना दाखवलं नव्हतं. दाखवून काय होणार ते ठाऊक होतं.

एका दुपारी चहा घेताना हे खुशीत म्हणाले की तुझी आईवरची फाइल वाचली, फार सुरेख लिहिलंयस, शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या बऱ्याच होत्या, त्या सगळ्या सुधारून ठेवल्यात. मला वाटलं, कागदावर छापून लाल पेनानं केलं असेल. म्हटलं, बघू तरी, कागद कुठेत? तर म्हणे कागद कशाला, पडद्यावरच केलं, तुझं मूळ तुझ्याकडे आहेच की.

छापखान्यात मूळ एकीकडे असतं आणि तपासायचा कागद यांच्या हातात येतो. यांना वाटलं, आपल्या पडद्यावर आली ती प्रत. मी चहा तसाच टाकून आत धावले. फाइल उघडली तर आई म्हणत होती, 'उन्हातून आली आहेस. आधी पाणी पी आणि मग बोल.' पानोपानी तेच. माझी आई आमच्या शाळेतल्या बाईंसारखी बोलत होती.

मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. एक मात्र स्पष्ट सांगितलं, की माझी आई तुम्ही पुसलीत. यांचा चेहरा पार पडला. लेकीला फोन लावला. जुन्या आवृत्त्या जपायची सोय आम्ही कधी चालूच केली नव्हती. मग तिनं सुचवलं, सगळ्या ण चे न करून टाक. केले. तर आईचं पाणी तेवढं पानी झालं, बाकी बोलणं शाळेतल्या बाईंचंच राहिलं, आणि माझ्या वाक्यांत लहानपन आणि शिक्षन झालं. इतक्या रागातही मला हसू फुटलं आणि हसू फुटलं म्हणून आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर हे आत आले. हळूच म्हणाले, "तू बोल, मी टाइप करतो. तू म्हणशील तेच अक्षर." म्हटलं, बघू किती दम निघतो ते.

काढला हो त्यांनी दम. रोज दुपारी मी पलंगावर, हे लॅपटॉपसमोर. पानी म्हटलं की पानी, हाय म्हटलं की हाय. पहिल्या दिवशी एकेका शब्दाला यांचं बोट अडखळत होतं, कडू औषध घेतल्यासारखं तोंड व्हायचं. मग बोट सरावलं. मला बरं वाटायला लागलं. दुपारची वाटही बघायला लागले.

एकदा मी सांगत होते, ओटीवर कुणी आलं की आई आतून हाक मारायची, कोन आलंय बघ, पाणी दे त्यांना. बोलता बोलता पुढं गेले, तर टाइप करण्याचा आवाज थांबलेला.

"आई असं नव्हत्या म्हणत," हे म्हणाले.

म्हटलं, मग कसं म्हणायची? मग यांनी मान जरा तिरकी केली, शेवटचा शब्द अगदी तिच्यासारखा लांबवला आणि म्हणाले, "कोन आयलाय बग गो पोरी. पानी दे त्याला."

आईच होती ती. आणि मला ते आठवलंच नव्हतं. माहेरी गेलं की मी आत भावजयीशी गप्पांत, हे ओटीवर तिच्याजवळ बसलेले. तिचा एक शब्द यांनी कधी तपासला नाही, नुसता ऐकला. मला रडू आलं, आणि आलं तसं येऊ दिलं. हे बिचारे घाबरून म्हणाले की चुकलं असेल तर खोडतो.

मी पलंगावरून उठले, यांना खुर्चीवरून उठवलं आणि लॅपटॉपसमोर स्वतः बसले.

"आता तुम्ही सांगा," मी म्हटलं, "मी टाइप करते."