बांधावरचा व्यवस्थापक

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी मुंबईला बी.कॉम. करत होतो आणि व्यवस्थापन हा माझा खास विषय होता. म्हणून सुट्टीत गावी, कडावला आलो, तेव्हा वडिलांनी भातलावणीची देखरेख माझ्यावर टाकली. लावणी त्याच दिवशी संपवायची होती, कारण दुसऱ्या दिवशी लावणीच्या बायका आणखी कोणाच्या शेतावर जाणार होत्या.

मी बांधावर छत्री घेऊन उभा राहिलो आणि पुस्तकाप्रमाणे कामं वाटून दिली. तरी तासाभरात लावणाऱ्या बायका रोपांची वाट बघत थांबल्या. त्यांत त्या दिवसापुरती आलेली एक म्हातारी होती. तिचं नाव मी विचारलंच नाही.

"दादा, तुमी मुंबैला काय शिकता?" तिनं विचारलं.

"माणसांकडून काम कसं करून घ्यावं, ते."

"त्याला किती वरसं लागतात?"

"चार."

"मंग अजून येळ हाय. तवर खाली उतरा. रोपं आणायची वाट तुमीच अडवलीय."

मी चिखलात उतरलो. तिनं रोपांच्या जुड्या माझ्या हातात दिल्या आणि दिवसभर नुसत्या हनुवटीनं दिशा दाखवत मला पळवलं. अंधार पडायच्या आत शेत लावून झालं.

"घेतलंस ना काम करून?" घरी वडिलांनी विचारलं.

मी हो म्हणालो. कोणी कोणाकडून घेतलं, ते सांगितलं नाही.