नखावरचा थेंब

अंबाजोगाईच्या दवाखान्यात नळी घालून माझ्या वडलांच्या, म्हणजे दादांच्या, पोटातून बादलीभर पाणी काढलं, तेव्हा दादा म्हणाले, "गावात आठ दिस टँकर न्हाई, अन् माझ्याकडं बघा." नर्सबाईंना हसू आवरेना. मला मात्र संताप आला. यकृताचा कॅन्सर पार पसरलाय, ऑपरेशन होणार नाही, आता फक्त त्रास कमी करायचा, असं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलेलं, अन् ह्यांना चेष्टा सुचतेय!

पाणी काढल्यावर श्वास मोकळा झाला, पण दुखणं थांबेना. म्हणून डॉक्टरांनी बेतानं मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. त्या अफूपासून होतात हे कळलं, अन् दादा अडून बसले. पंचशील घेतल्यापासून त्यांनी नशेला हात लावला नव्हता. शिवाय ते गावच्या दूध सोसायटीचे सचिव. दुष्काळानं जनावरं आटलेली, जो तो दुधात पाणी घालायला टपलेला. माझं भान गेलं तर पकडणार कोण, म्हणायचे. मी लई भांडले. औषधाला शील कधीपासून आडवं यायला लागलं, असंही विचारलं. दादा ढिम्म.

मायनं वाद घातलाच नाही. "एक दिस घेऊन बघा. भान गेलं तर सोडा," एवढंच म्हणाली.

दादांनी गोळी घेतली अन् कित्येक दिवसांनी सलग झोपले. सकाळी माझ्या खांद्यावर हात टेकवून सोसायटीत गेले. दूध तपासायच्या यंत्रावर त्यांचा कधीच भरवसा नव्हता. प्रत्येक किटलीत बोट बुडवून थेंब नखावर धरायचे. थांबला तर दूध चोख, ओघळला तर पाणी. तीन किटल्यांना "चोख हाय, जमा करा" म्हणाले. चौथीचा थेंब ओघळला.

"कुणाचं हे?"

"आपलंच," रांगेतून माय म्हणाली. "तांब्याभर घातलंय मीच. आता सांगा, भान गेलं का हाय?"

सगळी रांग हसून बेजार झाली. दादांनी आमचं दूध नियमानं परत केलं, मग मायपुढं हात पसरला. "आण ती गोळी."

पुढचे दोन महिने आमच्या घरात हसणंच जास्त झालं. दादांना उठवेनासं झालं, तशी माय दुधाची वाटी घेऊन खाटेजवळ बसायची, कधी पाणी घालून, कधी न घालता. ते एकदाही चुकले नाहीत.

शेवटच्या सकाळी त्यांना बोटही उचलवेना. मायनंच थेंब त्यांच्या नखावर ठेवला. तो थांबला. दादा तिच्याकडं बघून हसले.

"चोख हाय," म्हणाले. "जमा करा."