बेबीताई आणि चौदावा प्रश्न

आमच्या गल्लीत, मारुतीच्या पारापासून तिसऱ्या घरात, बेबीताई राहतात. नर्सिंग कॉलेजच्या लायब्ररीत त्या शिपाई आहेत, येत्या जूनमध्ये अठरा वर्षं होतील. सकाळी देवपूजा करून माझा कापूर विझतो न विझतो, तोच त्यांच्या फाटकाची कडी वाजते. त्या आवाजावर मी कुकर लावते. रोज रात्री निजण्याआधी वहीत चार ओळी लिहायची मला सवय आहे. आज मात्र चार ओळींत भागणार नाही.

त्या लायब्ररीत वर्षभर काही ना काही चालू असतं. कधी शोधनिबंध कसा शोधायचा याची कार्यशाळा, कधी लिहायचा कसा याची. नागपूरचे, संभाजीनगरचे सर येतात. बेबीताई खुर्च्या लावतात, पडदा सोडतात, चहा देतात आणि दाराशी स्टुलावर बसतात. अठरा वर्षं दारातून ऐकून ऐकून त्यांना पुष्कळ समजलंय. संगणकात दोन शब्दांच्या मध्ये 'अँड' टाकलं की थोडंच सापडतं आणि 'ऑर' टाकलं की ढिगारा पडतो, हे त्यांनीच मला ओट्यावर मेथी निवडताना शिकवलं.

"आमच्या हर्षलचं तसंच होऊन राह्यलं, वहिनी," त्या लेकाबद्दल म्हणाल्या. "पोरगी पाह्यजे शिकलेली अँड गोरी अँड नोकरीवाली अँड सासूसंग राहणारी. मंग शून्यच येईन ना! म्या म्हटलं, बापू, दोन-तीन ठिकाणी ऑर टाक."

हसून हसून माझ्या हातातली जुडी सुटली.

पण एका गोष्टीवर त्या हसत नाहीत, ती म्हणजे सासूबाईंचं दुखणं. गोजरबाईंना बीपीची गोळी होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जेवण झालं की एक. बेबीताई स्वतःच्या हातानं द्यायच्या, एक दिवस चुकवायच्या नाहीत. फक्त उपासाच्या दिवशी जेवणच नसायचं, म्हणून गोळीही नसायची. तीन वर्षांपूर्वी श्रावणात गोजरबाईंनी सोमवार धरले, शनिवार धरले, चतुर्थी आणि एकादशी तर होत्याच. महिना संपता संपता त्यांचा उजवा हात लुळा पडला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या रोज चालू होत्या?" बेबीताई म्हणाल्या, "हो, रोज." त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. खरं काय झालं ते त्यांना पुढं दोन महिन्यांनी, भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे उपासाचे दिवस बघताना कळलं.

यंदा कॉलेजच्या मुली गावोगावच्या बायकांना बीपीच्या गोळ्यांबद्दल विचारणार, असं ठरलं. त्यासाठी तेरा प्रश्नांचा फॉर्म तयार झाला. बेबीताईंनी झेरॉक्स काढता काढता तो वाचला आणि लायब्ररीच्या योगिनी मॅडमकडे गेल्या. "मॅडम, उपासाचा एक प्रश्न टाका ना याच्यात."

मॅडम चांगल्या बाई आहेत. पण त्या म्हणाल्या, "बेबीताई, हे प्रश्न मोठ्या लोकांनी तपासलेले आहेत. आपल्या मनानं काही घालता येत नाही. आणि गोळी चुकते का, हे विचारलंय की त्यात."

आता राहिली होती शेवटची कार्यशाळा. तिथं गावातल्या काही बायकांकडून फॉर्म भरून बघायचा, अडलं तर दुरुस्त करायचा आणि सोमवारी छापायला द्यायचा. मग मुली रोहिणखेडकडच्या गावांना निघणार. एकदा छापला की झालं. बायका आणायचं काम मॅडमनी बेबीताईंनाच सांगितलं. त्यांनी आमच्या भजनी मंडळातल्या पाच जणी निवडल्या. सगळ्या बीपीवाल्या. त्यात मी आणि वच्छलाबाई.

तो दिवस आजचा, आणि निघाला पौषातल्या एकादशीचा. सकाळी असं गार होतं की विठ्ठलाच्या फोटोला हार घालताना बोटं वळत नव्हती. स्वेटरवर पदर घेऊन आम्ही गेलो. चपला बाहेर काढल्या, तर बेबीताई म्हणाल्या, "अवं, घालून या, हे काय देऊळ आहे?" वच्छलाबाई म्हणाली, "सरस्वतीच हाय ना आत," आणि अनवाणीच आत गेली. फरशी बर्फासारखी होती.

कार्यशाळा घेणारे देवानंद सर बाहेरगावचे, तरुण, मृदू बोलणारे. मुलींनी आम्हाला एकेक प्रश्न वाचून दाखवला. 'गोळ्या नियमित घेता का?' आम्ही पाचही जणी म्हणालो, हो. 'महिन्यात एखादा दिवस चुकतो का?' पाचही जणी म्हणालो, नाही. सर खूश झाले. म्हणाले, "छान. फॉर्म कुठेच अडला नाही."

मी दाराकडे पाहिलं. बेबीताई स्टुलावरून उठून उभ्या होत्या. कार्यशाळेत शिपायानं बोलायचं नसतं, हा तिथला रिवाज. पदराचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं.

मग नाश्ता आला. पोहे! बेबीताईंनी एकेकीपुढे प्लेट धरली आणि एकेकीनं हात जोडले. सर गोंधळले. "का हो, पोहे चालत नाहीत का?"

"सर, एकादशी आहे आज," योगिनी मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या. "माझ्या लक्षातच नाही."

बेबीताईंनी ट्रे टेबलावर ठेवला. पिशवीतून केळी काढली आणि देता देता, घरातल्यासारखं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय वं वच्छलाबाई, बीपीची गोळी घेतली का आज?"

"आज? आज काऊन घेईन?" वच्छलाबाई केळं सोलत म्हणाली. "डॉक्टरनं सांगतलं, जेवल्यावर घे. आज जेवणच नाही, त गोळी कायची?"

"अन् काल?"

"घेतली ना. म्या चुकवत नसतो माय. उपासाचे दिवस सोडले त एक दिवस चुकत नाही."

सरांनी हातातली प्लेट खाली ठेवली. "महिन्यात उपास किती?"

वच्छलाबाईनं बोटांवर मोजलं. दोन एकादशा, एक चतुर्थी, चार गुरुवार. सात झाले. मग सरांनी आम्हा बाकीच्या चौघींकडे बघितलं. मी मान खाली घातली. माझीही गोळी आज डब्यातच होती. पांडुरंगापुढे दिवा लावून आलेली बाई मी, आणि 'चुकत नाही' असं छातीठोक सांगून बसले होते.

सर हळू आवाजात म्हणाले, "काकू, फराळ झाला म्हणजे पोटात अन्न गेलंच की. उपासाला गोळी कशी घ्यायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण आपल्या मनानं बंद ठेवू नका." मग ते दाराकडे वळले. "ताई, तुम्हाला हे कसं सुचलं?"

बेबीताईंनी सासूबाईंचं सगळं सांगितलं. उभ्यानंच. मध्येच सरांनी आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली, पण त्या बसल्या नाहीत. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "मी मॅडमले आधीबी म्हटलं होतं."

"म्हटलं होतं," योगिनी मॅडम म्हणाल्या. त्यांनी पेन घेतला आणि तेराव्या प्रश्नाखाली स्वतःच्या हातानं लिहिलं: 'उपासाच्या दिवशी गोळी घेता का? घेत नसल्यास, महिन्यात किती उपास?'

परत येताना चढावर मी बेबीताईंना विचारलं, "आज एकादशी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं ना? मग मॅडमना आधी सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं त त्याहीनं तारीख बदलली असती," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतली उरलेली केळी मला दिली.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. गोजरबाई पलंगावर शेगडीकडे तोंड करून बसल्या होत्या, लुळा हात मांडीवर. बेबीताईंनी चौदावा प्रश्न त्यांना दोनदा वाचून दाखवला.

"एवढंच?" म्हातारी म्हणाली. "मले इचारलं असतं त म्या तवाच सांगतलं असतं. कोन्ही इचारलंच नाही." मग डाव्या हातानं सुनेच्या गुडघ्यावर चापट मारली. "आता काय रडतं वं? चहा ठेव. वहिनी बसली हाय ना."

चहा झाला. घरी येऊन मी शेंगदाण्याची आमटी आणि भगर खाल्ली. डॉक्टरांना हर्षलच्या फोनवरून विचारून घेतलं होतं. ते म्हणाले, "फराळावर घ्या, काही होत नाही." देवापुढे हात जोडले, आणि तिथंच बसून गोळी घेतली.