गोमाजींची हलकी गाडी

गोमाजींच्या हातात कोणतीही वस्तू दिली की ते आधी ती तोलायचे, मग बोलायचे. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो दोनदा वरखाली केला आणि म्हणाले, "पावनेदोन किलो. लय जड तांब्या वापरता गुर्जी तुमी." मला रागच आला. मी शाळेत विज्ञान शिकवतो, अंदाजपंचे बोललेलं मला खपत नाही. ते गेल्यावर मी तांब्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. काटा पावणेदोनच्या किंचित अलीकडे थांबला. मी खूश होऊन बायकोला दाखवलं, तर ती म्हणाली, "ते थोडं पाणी पिऊन गेले ना."

आता दोन पावसाळे झाले त्यांना जाऊन. आमच्या गल्लीतलं तिसरं घर त्यांचं, आणि समोरची टिनाची शेड म्हणजे कारखाना. पांढुर्ण्याच्या मंडीत त्यांनी पस्तीस वर्षं संत्र्याच्या लाकडी पेट्या ठोकल्या. पेटी हलकी हवी, पण ट्रकात एकावर एक दहा रचल्या तरी पिचता कामा नये, आणि दोन पट्ट्यांत बोटभर फट हवी, नाहीतर फळ आतल्या आत घामेजून सडतं. "रिकामी पेटीच जड असन तं हमाल संत्रा नाई, लाकूड वाहून राहिला," असं ते कोणालाही ऐकवायचे. पुढे मंडीत प्लास्टिकचे कॅरेट आले आणि पेट्या बंद झाल्या. गोमाजींनी एक कॅरेट उचलून तोलला, परत खाली ठेवला आणि म्हणाले, "हलका हाये. चांगला हाये." त्यांना वाईट वाटलं असणार, पण चांगल्या वस्तूला वाईट म्हणणं त्यांना जमत नसे. त्यानंतर ते कूलरचे स्टँड आणि मोडलेल्या बाजा दुरुस्त करू लागले.

त्यांच्या घरात एकच दुःख होतं आणि ते दिवसभर पलंगावर आडवं असायचं. त्यांच्या बायकोच्या, शेवंतावहिनींच्या मणक्यांनी दगा दिला होता. पाय गेले होते, आणि बसवलं की दहा मिनिटांत कळ मस्तकात जायची. स्वयंपाक, धुणं, वहिनींची आंघोळ, वेणी सगळं गोमाजी करायचे. वेणी घट्ट घालायचे म्हणून वहिनी कुरकुरायच्या, "पेटी बांधून राहिले का माही?" या दोघांची लेक नागपूरला दिली होती. वहिनींचं माहेर रामाकोन्याचं. तिथे त्यांची माय होती, नव्वदीच्या पुढची, हाडं ठिसूळ, घराबाहेर न पडणारी. लेकीला उठता येत नव्हतं आणि मायला येता येत नव्हतं. मध्ये अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर.

वहिनींचा भाऊ तिकडून व्हिडिओ कॉल लावून द्यायचा. पण म्हातारीला फोन म्हटला की तो कानाला लावायचा एवढंच ठाऊक. त्यामुळे पडद्यावर दिसायचा तो तिचा कान. "माय, समोर धर व," असं वहिनी ओरडायच्या आणि म्हातारी फोन आणखी घट्ट दाबायची. चार वर्षं वहिनींनी आईचा फक्त कान पाहिला. आम्ही सगळे हसायचो. वहिनीही हसायच्या, आणि फोन बंद झाला की भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या.

मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, अँब्युलन्स करू, दोन तासांत पोचाल. वहिनी चिडल्या. नागपूरच्या दवाखान्यातून एकदा त्या अँब्युलन्सने परत आल्या होत्या, तर गल्लीतल्या बायांनी गाडी पाहताच पदर तोंडाला लावून रडायला सुरुवात केली होती. "मी आतून म्हनून राहिली, जित्ती हाये, जित्ती हाये. कोनी आयकेना," वहिनी म्हणाल्या. "माह्या मायच्या दारात अशी गाडी थांबली तं बुडी मले पाह्याच्या आंधी जाईन." भाड्याच्या मोटारीत पाय लांब करून झोपता येत नाही, आणि मालवाहू टेम्पोचे दचके त्यांना सोसले नसते.

गोमाजींना एक व्हिडिओ मीच दाखवला, तोही सहज, करमणूक म्हणून. परदेशातला कोणी माणूस मोटारसायकलच्या मागे इवलंसं घर जोडून फिरत होता. आत बिछाना, कोपऱ्यात शेगडी, वर उघडणारं छप्पर. गोमाजींनी तो पाच-सहा वेळा पाहिला. मग फोन परत देताना म्हणाले, "लाकूड लय वापरलं यानं." दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमधून करवतीचा आवाज येऊ लागला.

सात महिने ते काम चाललं. बोरगावच्या भंगारवाल्याकडून स्कूटरची दोन चाकं आणि दचके शोषणारे शॉकअप आणले. सांगाडा पोकळ पाइपचा, आणि पुढे तो त्यांच्या मोटारसायकलला जोडायची दांडी. भिंती पेटीच्याच पट्ट्यांच्या, बोटभर फटी ठेवून, वरून ताडपत्री. "मानसालेबी हवा लागते, एकटा संत्राच काय," असं त्यांचं म्हणणं. पुढच्या भागात वहिनींचा बिछाना, मागच्या भागात शेगडी, भांडी आणि पाण्याची कॅन. माहेरच्या घराचा उंबरठा उंच, खोल्या अंधाऱ्या, म्हणून चार दिवस आंगणात याच गाडीत राहायचं असा बेत होता. वहिनींच्या हातात एक दोरी, तिचं दुसरं टोक गोमाजींच्या दंडाला. थांबायचं असलं की ओढायची. रोज एखादा तुकडा काढून ते हातावर तोलायचे आणि त्यातला निम्मा कापून टाकायचे. गल्ली हसायची. कोणी विचारलं, "गोमाजी, नवरीले फिराले नेऊन राहिले का?" तर ते शांतपणे म्हणत, "हो न. माहेरी." रिकामी गाडी मंडीतल्या काट्यावर चाळीस किलो भरली. त्या दिवशी त्यांनी गल्लीला पेढे वाटले.

दोन चाकं जोडणारा दांडा नेमका कुठे बसवायचा हे ठरवायला वहिनींचं वजन हवं होतं. त्या दिवशी वहिनी शेडजवळच बाजेवर पडल्या होत्या. मी कागद-पेन घेऊन विचारलं, "वहिनींचं किती धरायचं?" तांब्याचं वजन न विचारता सांगणारा हा माणूस, रोज दोन हातांवर बायकोला उचलून न्हाणीत नेणारा. ते बराच वेळ पट्टीवर रंधा मारत राहिले आणि मग म्हणाले, "पन्नास धरा." मी पन्नास लिहिलं. पन्नास किलोचं गव्हाचं पोतं ठेवून चाचणी घेतली, गाडी झकास चालली. मग रविवारी वहिनींना ठेवून गल्लीबाहेर नेली, तर मागचा भाग शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलू लागला. वेग वाढवला की आणखी जोरात. गोमाजींनी जेमतेम सावरली. पुढचा भाग हलका पडत होता, मागचं सामान भारी होत होतं. वहिनींना घरात निजवून ते शेडमध्ये आले, तेव्हा मी जरा खेकसूनच म्हणालो, "गोमाजी, वहिनी पन्नास नाहीत." ते खाली बघत म्हणाले, "अडतीस हाये. म्या तिच्या समोर बोललो नाई." मला तेव्हा गप्प बसायला हवं होतं, पण मी त्यांना चुकीच्या आकड्याने काय होतं यावर पाच मिनिटं व्याख्यान दिलं. ते सारं त्यांनी ऐकून घेतलं.

मी दांडा वीतभर मागे घ्यायला सांगितलं, आणि ते अगदी बरोबर होतं. पण मी तेवढ्यावर थांबलो नाही. म्हणालो, नीट चाचणी झाल्याशिवाय रस्त्यावर काढायची नाही, आणि मी असल्याशिवाय चाचणी घ्यायची नाही. शाळेत परीक्षा सुरू आहेत, मला आता पुढच्या रविवारीच जमेल. गोमाजींनी पाइप कापून, जोडून मंगळवारी संध्याकाळी गाडी तयार केली. मी येता-जाता पाहायचो. ती शेडमध्ये पुसून उभी होती.

शुक्रवारी सकाळी सातला रामाकोन्याहून वहिनींच्या भावाचा फोन आला. माय पहाटे गेली होती. गावातली जाणती माणसं म्हणत होती की लेक येत असेल तर थांबू, पण ऊन वाढलं आहे, दोनपर्यंतच. मी शाळेत फोन केला, रजा मागितली, दोन मिनिटांत मिळाली. बुधवारीही मिळाली असती. मी मागितलीच नव्हती.

अँब्युलन्सचं नाव वहिनींनी काढू दिलं नाही; बिछाना बांधून, चाकं तपासून निघायला दहा वाजले. पुढे गोमाजी, मागे वहिनींची गाडी, त्यामागे मी स्कूटरवर. पंचवीसच्या वर त्यांनी वेगाचा काटा जाऊ दिला नाही. दर आठ-दहा किलोमीटरवर थांबायचे, चाकाला हात लावून ते तापलं नाही ना पाहायचे, मग ताडपत्री वर करून वहिनींना पाणी पाजायचे. गोमाजींचा फोन माझ्याकडे होता. वहिनींचा भाऊ सारखा विचारत होता, "दाजी कुठपर्यंत आले?" मी म्हणायचो, येतोय. एका थांब्यावर मी पाहिलं, वहिनींनी दात ओठांत रुतवले होते आणि दोरी अंगाखाली दाबून ठेवली होती. गोमाजी म्हणाले, "दुखून राहिलं तं ओढ न वं." त्या म्हणाल्या, "नाई ओढत. चाला तुमी." वाटेत सौंसरच्या चौकात लोक मोबाइल काढून शूटिंग घेऊ लागले, कोणी शिट्टी मारली. मला त्यांच्या अंगावर जावंसं वाटलं. गोमाजींनी मान वळवली नाही. गाडीची शेपटी त्या पूर्ण रस्त्यात एकदाही हलली नाही. माझं गणित बरोबर होतं. त्याची इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

पावणेदोनला पोचलो. आंगणात तिरडी बांधून मायला तिच्यावर ठेवलं होतं. गोमाजींनी मोटारसायकल सोडवली, गाडीची पुढची दांडी दोन्ही हातांत धरली आणि माणसांच्या मधून हाताने ओढत गाडी आत नेली. भावाने आणि दोघा-तिघांनी तिरडी जमिनीवरून उचलून बाजेवर ठेवली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, असं चालत नाही. कोणी ऐकलं नाही. गाडीची बाजूची फळी खाली केली आणि मायलेकी शेजारी शेजारी आल्या, एका उंचीवर, दोघी आडव्या. वहिनी मोठ्या कष्टाने कुशीवर वळल्या. त्यांनी आईचं तोंड पाहिलं. बराच वेळ नुसतं पाहिलं. मग डोक्याला हात लावला आणि बायांकडे बघून म्हणाल्या, "हिचे केस वल्ले हायेत. न्हाऊ घातलं तं कोनं पुसले नाई?" आणि आपल्या पदराने त्या आईचे केस पुसू लागल्या, एकेक बट घेऊन, मुळापासून टोकापर्यंत. केस पुसून झाले तेव्हा म्हणाल्या, "मी आली व माय. उशीर झाला." त्यानंतर मात्र त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कधी विसरणार नाही.

दोन केव्हाच वाजून गेले होते. गोमाजी दांडी धरून उभेच होते, कारण ती खाली टेकवली असती तर बिछाना कलला असता. कोणीतरी दांडीखाली ठेवायला विटा आणल्या, त्यांनी मानेनेच नको म्हटलं. लोक तिरडी घेऊन गेले, तेव्हाच त्यांनी विटांवर दांडी टेकवली. चार दिवस राहायचं ठरलं होतं, ते दोघं तेरा दिवस त्या आंगणात गाडीत राहिले.

पुढल्या वर्षी भाद्रपदात गोमाजी झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी वहिनींना जेवू घालून, वेणी घालून झोपले होते. मी खांदा दिला. वहिनींना लेक नागपूरला घेऊन गेली, त्याच गाडीत निजवून; गाडी जावयाने मोटारसायकलला जोडून नेली. घराला आता कुलूप आहे.

एक बोलणं सांगायचं राहिलं. मायच्या तेरवीनंतर गोमाजी परत आले तेव्हा मी त्यांच्या शेडमध्ये गेलो. ते गाडी धूत होते. मी म्हणालो, "गोमाजी, गाडी मंगळवारीच तयार होती. रविवार मी म्हटला." मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ द्या गुर्जी, नशिबात नव्हतं. आमच्या गावात कोणीही तसंच म्हणालं असतं, आणि मी तेच ऐकायला गेलो होतो. त्यांनी फडका पिळला. म्हणाले, "तुमचं सांगनं बराबर होतं. माहं आयकनं चुकलं." मग थोडं थांबून म्हणाले, "बुधवार, गुरवार, दोनी दिवस शेवंता सकाळी इचारे, आज निंगाचं का. मी म्हनो, गुर्जीले येऊ दे."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोसला असता. मी अजून त्याच शाळेत आहे आणि आता रजेचे अर्ज माझ्याकडे येतात. कोणी शिक्षक, कोणी शिपाई अर्ज घेऊन येतो, गावी आईला पाहून यायचं आहे म्हणतो. मी कारण वाचत नाही, तारीख पाहत नाही. सही करतो आणि म्हणतो, आजच जा.