पोलादी गोळ्यांची बॉल मिल

"सर, नमुना दळला कशात?"

फोनवर मोठ्या संस्थेतले शास्त्रज्ञ होते. मी स्टाफरूममध्ये पेढे वाटत होतो. माझ्या विद्यार्थिनीच्या, हर्षालीच्या नमुन्याचा ग्राफ आदल्याच दिवशी त्यांच्याकडून आला होता आणि चुंबकत्वाचा आकडा पुस्तकातल्या आकड्यापेक्षाही वर गेला होता. मी ऐटीत सांगितलं, "बॉल मिलमध्ये. आम्हीच बनवली."

"गोळे कसले?"

"पोलादाचे."

त्यांनी एवढंच विचारलं, "मुलीची मुलाखत सोमवारी आहे ना?"

पेढा तोंडातच राहिला.

मी शहादा तालुक्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत बी.एस्सी.च्या काही मुलांना सहा आठवडे संशोधनाचं ट्रेनिंग देतो. विषय फेराइट, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये निकेल, झिंक वगैरे मिसळून भट्टीत भाजलेला चुंबकीय पदार्थ. भाजल्यावर तो बारीक दळायचा आणि संस्थेत पाठवायचा. तिथे व्हीएसएम नावाचं मशीन आहे. पदार्थ जास्तीत जास्त किती चुंबकित होतो, ते त्यावर कळतं. आम्हाला ते वर्षातून एकदाच मिळतं. ज्याचं काम चांगलं त्याला संस्था मुलाखतीला बोलावते. निवड झाली तर एम.एस्सी. तिथेच, राहण्याखाण्यासकट. आमच्याकडून आजवर कोणी मुलाखतीपर्यंतही पोचलं नव्हतं.

हर्षाली पोचली. तापीकाठच्या गुजर घरातली मुलगी, वडिलांची केळीची बाग. पोरगी बाहेरगावी शिकली तर संस्थेच्या हॉस्टेलमध्येच राहून शिकेल, नाहीतर शिक्षण पुरे, असं त्यांनी मला कॉलेजात येऊन सांगितलं होतं. नम्रपणे सांगितलं, पण पक्कं.

आता मिलचं. फेराइट दळायला अकीक या कठीण, न झिजणाऱ्या दगडाचा खल वापरतात. मुलं तासन्‌तास घोटत बसायची, हातांना फोड यायचे. मला ते बघवेना. पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यातून रिटायर झालेले एक फिटर राहतात, त्यांना मी गाठलं. त्यांनी जुन्या पाइपचा ड्रम केला, मोटर लावली आणि आत घालायला घरच्या डब्यातले बेअरिंगचे पोलादी गोळे काढून दिले. "सर, या गोळा झिजतस नही. माल पक्का शे," म्हणाले. आमच्या भागात काही अडलं की कारखान्याचा फिटर गाठायचा, ही सवयच आहे. उसाच्या गाड्यांपासून देवळाच्या घंटेपर्यंत सगळं तेच दुरुस्त करतात. मलाही वाटलं, फेराइट काय चीज आहे! प्रिन्सिपॉलसाहेबांना बोलावून मी मिलचा फोटोसुद्धा काढून घेतला.

दुसऱ्याच आठवड्यात हर्षाली डबी घेऊन आली होती. "सर, भुकटी काळी दिखी ऱ्हायनी. खलमा तपकिरी व्हती."

मी तिला रंग सोडून वजन लिहायला सांगितलं. वीस वर्षं हा विषय शिकवणारा माणूस मी.

फोन ठेवून मी तिला बोलावलं. आम्ही मिल धुतली आणि फक्त झिंक ऑक्साइड आत घातलं. ते पांढरंशुभ्र असतं आणि चुंबकाला अजिबात चिकटत नाही. तितकेच तास मिल फिरवली. झाकण उघडलं तर आत राखेच्या रंगाची भुकटी. मी चुंबक जवळ नेला. काळी कुसळं उडून त्याला चिकटली.

हर्षालीने ती कुसळं बोटावर घेऊन पाहिली. मग म्हणाली, "म्हनजे तो आकडा गोळासना शे, मन्हा नही."

होय म्हणण्यावाचून काय होतं? पोलाद झिजून तिच्या फेराइटमध्ये मिसळलं होतं आणि मशीनने तेही मोजलं होतं. नवा नमुना खलात दळायला वेळ होता, पण मोजायला मशीन पुढच्या वर्षी. ग्राफ दाखवायचा आणि खरं काय ते सांगायचं, एवढंच उरलं. ते तिनेच ठरवलं. मी मान हलवली.

मुलाखतीत काय झालं ते त्याच शास्त्रज्ञांनी मला नंतर कळवलं. तिने राखेसारखं झिंक ऑक्साइड डबीत नेलं होतं, सगळ्यांसमोर चुंबक फिरवून दाखवलं. पॅनेलला आवडलं. मग एकाने विचारलं, रंग बदलला तेव्हाच शंका कशी आली नाही? ती म्हणाली, "मला सुचलं नाही."

भुकटी काळी दिसल्याचं तिच्या वहीत तारखेसह लिहिलेलं होतं. वही तिच्या बॅगेत होती.

शास्त्रज्ञ म्हणाले, "प्रामाणिक आहे मुलगी. पण निरीक्षण कमी पडलं, म्हणून दुसऱ्याला घेतलं." तेव्हाच मी बोलायला हवं होतं. निरीक्षण तिचं होतं, कमी मी पडलो होतो. मी "हो, हो, बरोबर" म्हणालो आणि फोन ठेवला. नंतर दोनदा नंबर काढला, लावला नाही. का लावला नाही ते मला नीट माहीत आहे आणि त्याची लाज वाटते.

वडिलांनी शब्द पाळला. हर्षाली आता नवापूरला मामाकडे राहते आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्यात ओलावा मोजते. दिवाळीला तिचा मेसेज येतो. मी लगेच उत्तर देतो.

ट्रेनिंग अजून चालतं. दर उन्हाळ्यात पहिल्या दिवशी मी मुलांना सांगतो, चूक सरांची असली तर मुलाखतीत सरांचं नाव सांगा. मुलं हसतात. त्यांना वाटतं, सर गंमत करतात.