भावाचा मलमलचा सदरा मी आज मुद्दाम फाडला

मंडळी, आज अहेरीत भावाच्या घरी मी त्याचा सगळ्यात आवडता सदरा टराटरा फाडला. जरा बी वाईट वाटलं नाई.

सत्तर वर्षांपूर्वी हाच भाऊ जन्मला, तवा मी सहा वर्षांची होती. धुऊन धुऊन मऊ झालेला माहा एकुलता एक लाल झगा मायनं फाडला अन् त्याचे लंगोट केले. मी लई रडली. माय म्हणे, "तान्ह्याले नवं कापड टोचते, पोरी."

आठ दिवसांपूर्वी भावाले नातू झाला. आज सदऱ्याचे लंगोट पाहून भाऊ ओरडला, "बाई, हे काऊन केलं?"

"तान्ह्याले नवं कापड टोचते, बाबू."

तेवढ्यात नातू त्या मलमलवर मुतला. माह्या झग्यावर त्याचे आजोबा बी असेच मुतले होते.

तुमचं काय फाडलं होतं धाकट्यासाठी?